आडाळ्यासमोरची जागा

बायकोचा गुडघा बदलून आता काही वर्षं झाली. ऑपरेशन उत्तम झालं असं सगळे म्हणतात. डॉक्टर म्हणतात, सोसायटीतल्या बायका म्हणतात, हॉस्पिटलच्या ज्या संशोधनात तिला घेतलं होतं ते लोकही म्हणतात. मी म्हणत नाही. माझा त्या डॉक्टरवर राग आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही.

माझं घाटकोपरला नळ, सिंक, कमोड, टाइल्स यांचं दुकान आहे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेतून थेट एका टाइल्सच्या गोदामात हमाली करायला गेलो. तिथे मला एकच गोष्ट शिकायला मिळाली, पण ती जन्माला पुरली. माल विकणारा पहिल्यांदा नाही म्हणतो ते तोंड उघडण्यासाठी. दुसऱ्यांदा नाही म्हणतो तेव्हा तो तुमच्याकडे बघत असतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो गप्प बसून बिलबुक ओढतो, म्हणजे सौदा झाला. कंपनीचे लोक, बिल्डर, कंत्राटदार, सगळ्यांशी मी असाच वागलो. आवाज चढवावा लागला तिथे चढवला. माझं डोकं लवकर तापतं हे बाजाराला माहीत आहे आणि त्याचा मला फायदाच झाला आहे.

घर भटवाडीत, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. लग्न होऊन बायको याच घरात आली. ती मालवणची. आल्यावर तिने माहेरून आणलेला आडाळो स्वयंपाकघरात ठेवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आडाळो म्हणजे आमच्याकडची विळी, पण दांडगी. जाड लाकडी पाट, त्याला वाकडं पोलादी पातं. त्या पाटावर बसायचं आणि मासा दोन्ही हातांनी पात्यावर ओढायचा.

रविवारी सकाळी मासे मी आणायचो. माहुलहून एक बाई टोपली घेऊन यायची, तिच्याशी माझं दर रविवारी भांडण व्हायचं. ती म्हणायची, "शेट, घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढे व्हा." मी पुढे व्हायचो, ती परत बोलवायची. मग पिशवी घेऊन घरी यायचो, चप्पल काढायचो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायचो. बायको आडाळ्यावर, माझ्याकडे तोंड करून. पदर खोचलेला, समोर राखेची वाटी आणि पाण्याचं घमेलं. ती पिशवी उलटी करायची, पापलेटचा कल्ला बोटाने उघडून बघायची आणि म्हणायची, "तुमका परत फसवल्यान तिणा."

"कुठे फसवलं? लाल आहे की आतून."

"लाल नाय, गुलाबी. लाल बघूचा असात तर जरा वाकून बघा. तुमचा लक्ष भावात."

आणि हसायची. पातं खसाखसा चालायचं, खवले उडायचे, आणि आम्ही बोलायचो. दुकानात कोणी काय केलं, मुलीच्या शाळेत काय झालं, गावचं घर कोणी बळकावलं. आठवडाभर मी दुकानात ओरडत असायचो आणि ती घरात एकटी असायची, म्हणून रविवारची ती जागा. संसार कुठे झाला असं कोणी विचारलं तर मी त्या उंबऱ्याकडे बोट दाखवीन.

पुढे तिला साखर निघाली, नंतर ब्लडप्रेशर, आणि गुडघे. मुलगी लग्न होऊन बोरिवलीला गेली तेव्हा ही लग्नाच्या हॉलमध्ये खुर्चीवरून उठू शकली नव्हती. तरी रविवारी आडाळ्यावर बसायची. बसताना ओट्याची कड धरायची, उठताना मला हात द्यावा लागायचा. तो हात द्यायलाही मला आवडायचं, खरं सांगतो.

तिला घेऊन डॉक्टरकडे गेलो. मुलुंडचं मोठं हॉस्पिटल. डॉक्टर माझ्याहून लहान, शांत, बोलताना पेनाचं टोपण बंद-उघड करणारा. त्याने फोटो बघितले आणि सांगितलं, उजवा गुडघा बदलावाच लागेल, पण लगेच नाही. आधी साखर खाली आणा. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी रक्ताची तपासणी असते, ती नीट आल्याशिवाय मी हात लावणार नाही. साखर चढलेली असली की जखम भरत नाही, पू होतो, आणि पू झालेला गुडघा परत काढावा लागतो.

ते मला पटलं. मी मुद्द्याचं विचारलं.

"डॉक्टर, खाली बसता येईल ना?"

"नाही. खुर्ची, पलंग, कमोड. जमिनीवर नाही."

"मांडी नको. पाटावर."

"पाट जमिनीवरच असतो ना? नाही."

"मी उंच पाट करून घेतो. वीतभर उंच. सुतार आपलाच आहे."

डॉक्टरने पॅड पुढे ओढलं आणि औषधं लिहायला लागला.

आम्ही दोघं बाहेर आल्यावर मी बायकोला सांगितलं, "झालं काम. उंच पाट करू." ती सही करायला पुढे निघाली होती.

सही त्या संशोधनाची. बाहेर एक मुलगी बसायची, गळ्यात कार्ड, हातात टॅबलेट. तिने नीट समजावून सांगितलं होतं. ज्यांना साखर, प्रेशर असे जुने आजार आहेत त्यांची ऑपरेशनं कशी पार पडतात, कोणाची जखम चिघळते, कोणाची नाही, साखर कितपत खाली येईपर्यंत ऑपरेशन थांबवावं, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी ऑपरेशनआधी काही प्रश्न, नंतर काही वर्षं फोन.

मी विचारलं, "आम्ही आलो तर आम्हाला काय?"

"काही नाही, काका. पुढच्या पेशंटना उपयोग होईल."

"मग हिचं ड्रेसिंग मोठ्या डॉक्टरांनी स्वतः बघायचं."

"ते सगळ्यांचंच बघतात, काका."

सौद्यात इतका सरळ माणूस समोर आला की माझी पंचाईत होते. बायको हसली आणि म्हणाली, "दे गं इकडे, कुठे करायची सही." मग मला म्हणाली, "तुम्ही तिकडे बसा. ही मला काय ते विचारते." मी तिकडे जाऊन बसलो.

साखर उतरायला वेळ लागला. तारीख मिळायची, तपासणी बिनसायची, तारीख पुढे जायची. त्या वर्षी आंब्याची पेटी मी घरात आणली नाही. ती वरणात बुडवून भाकरीचा तुकडा खायची आणि जेवण झाल्यावर गॅलरीत हळूहळू येरझारा घालायची. मी सुताराकडून पाट करून आणला. सागवानी, गुळगुळीत, आडाळ्याच्या मापाचा. ऑपरेशनच्या आधीच.

ऑपरेशननंतर टाक्यांच्या खालच्या टोकाला एक जागा भरेना. पाणी यायचं. त्या दिवसांत मला दुकान सुचत नव्हतं. डॉक्टर खरंच स्वतः यायचा, वाकून बघायचा, टोपण उघडायचा, बंद करायचा. एक दिवस ती जागा कोरडी दिसली. दुसऱ्या दिवशीही कोरडी. मी खाली कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला आणि चहावाल्याशी उगाचच भांडलो.

ती चालायला लागल्यावर पहिल्या रविवारी मी पापलेट आणलं. आडाळो काढला, नव्या पाटावर ठेवला, राख ठेवली, घमेलं ठेवलं आणि उंबऱ्यात बसलो. बायकोने पिशवी घेतली, ओट्यावर ठेवली, फळीवरची सुरी काढली आणि उभ्याने मासा कापायला लागली. तिची पाठ माझ्याकडे.

"खाली बस ना. उंच केलाय."

"नको सांगितलाय डॉक्टरनी."

"डॉक्टरशी माझं बोलणं झालंय."

"काय बोलणं झालं? नाही म्हणाले ते. मी तिथेच होते."

मी त्याच आठवड्यात मुलुंडला गेलो. नंबर न लावता आत घुसलो. डॉक्टरने संगणकावर तिच्या गुडघ्याचा फोटो लावून दाखवला आणि म्हणाला, बघा किती छान बसलाय. मी म्हटलं, गुडघा छान बसलाय, बाई बसत नाही त्याचं काय? तीनदा विचारलं होतं तुम्हाला.

"आणि मी नाहीच म्हणालो होतो."

"तिसऱ्यांदा 'नाही' म्हणाला नाहीत. पॅड ओढलंत."

त्याने टोपण बंद केलं. "काका, गुडघ्यात मी कमीजास्त करत नाही."

हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. बोलायला बरोबर आहे, पण मग तिसऱ्यांदाही तोंडाने बोलायचं होतं. पेशंटचा नवरा हात जोडून उभा असताना पॅड ओढायचं नसतं. मी अजूनही हेच म्हणतो.

ते पुढचे रविवार मला कसेतरीच गेले. उंबऱ्यात बसायचो, समोर पाठ. ती बोलायची, पण ओट्याशी बोलल्यासारखं, नळाच्या आवाजात अर्धं ऐकूच यायचं नाही. नळ मीच बसवलेला, दुकानातला सगळ्यात भारी. कल्ला बघून तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ओठ जरासा दुमडायचा, ते मला कुठून दिसणार? नंतर मी उंबऱ्यात बसायचं सोडलं. बाहेर पेपर घेऊन बसायचो. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

संशोधनवाल्या मुलीचे फोन मात्र नेमाने यायचे. शेवटच्या वेळी ती घरीच आली. घामाने डबडबलेली, तिसरा मजला चढून. बायकोने तिला पाणी दिलं, समोर खुर्चीवर बसली. मी शेजारी.

"काकी, मोजे घालताना त्रास होतो का?"

"मोजे कधी घातलेच नाहीत गं."

"बाथटबमध्ये उतरताना, निघताना?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. "आम्ही विकतो ते. बसत नाही त्यात."

मुलगी हसली. म्हणाली, प्रश्न बाहेरच्या देशातून आलेत, काकी, विचारावे लागतात. मला राग आला. मी म्हटलं, "बाथटबचं विचारता आणि जमिनीवर बसण्याचं विचारत नाही? आमच्या बायका टबात बसतात की खाली बसतात?"

"पुढच्या वेळच्या प्रश्नांत घालतायत ते, काका. बऱ्याच लोकांनी सांगितलं." मग ती बायकोकडे वळली. "शेवटचं. ऑपरेशनआधी मी विचारलं होतं, तुम्हाला सगळ्यात जास्त काय करता यायला हवंय. ते झालं का?"

"नाही झालं," मी म्हटलं. "खाली बसायचं होतं तिला. लिहा."

"गप बसा जरा," बायको म्हणाली. "माझं मी सांगते." आणि मुलीला म्हणाली, "झालं. एकटीने जिना उतरायचा होता. कोणाचा हात न धरता. रोज उतरते आता."

"आणि आडाळो?" मी विचारलं.

"आडाळ्याचं काय?"

"रविवारी बसायचीस ती. हसायचीस."

त्या जागेचं मला काय होतं हे तिला खरंच माहीत नव्हतं. मग म्हणाली, "अहो, मला उठता येत नव्हतं म्हणून बसून असायची मी. तुम्ही उठवाल तेव्हा उठायची. किती वर्षं मी एकटी खाली रस्त्यावर गेले नव्हते, ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं. मी दुकानात असायचो.

मुलगी टॅबलेट मिटून उठली. दारापर्यंत तिला सोडायला गेलो तेव्हा मी म्हटलं, "माझं पण लिहून घे काहीतरी."

"तुमच्यासाठी प्रश्न नाहीये यात, काका," ती म्हणाली. चांगली मुलगी. वाईट वाटल्यासारखं म्हणाली.

आता रविवारी मासे बायको आणते. पिशवी घेते, चप्पल घालते आणि जाते. माहुलची बाई तिला माझ्याहून चांगला माल देते आणि तिथेच साफ करून देते, म्हणजे घरात सुरीचंही काम उरलेलं नाही. आडाळो सिंकखाली आहे. पात्याला गंज चढू नये म्हणून मी अधूनमधून तेल लावतो. तो उंच पाट मुलीने कुंडी ठेवायला मागितला होता, मी दिला नाही.

ती खाली गेली की मी उंबऱ्यात येऊन बसतो. ती असताना बसत नाही. समोरची फरशी तेवढी झिजून पांढरट झाली आहे, आडाळ्याच्या मापाची. दुकानात बसून मी हजारो लोकांना फरशी बदलायला लावली. ही बदललेली नाही.

परवाच्या रविवारी बसलो होतो. जिन्यावर तिची पावलं ऐकू आली. पूर्वी दवाखान्यातून येताना दर मजल्याला थांबायची, कठडा धरून. आता न थांबता आली. दार उघडून आत, तोंडावर घाम, हातात पिशवी. मला उठायला उशीर झाला.

"वाटेत काय बसलात? जाऊ द्या मला."

"बघू काय आणलंस."

तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. तुकडे होते, कल्ला बघायला शिल्लक नव्हता. मी एक तुकडा उचलून वास घेतला, उजेडात धरला.

"फसवलं तुला तिने," मी म्हटलं.

ती ओट्याकडे निघाली होती. थांबली, वळली, आणि तिचा ओठ जरासा दुमडला.

"ताजा आहे तो. तुम्हाला काय कळतंय?"

"मग सांग ना," मी म्हटलं. "बस तिकडे खुर्ची घेऊन आणि सांग."

"कालवण कोण करणार?" असं म्हणून ती ओट्याकडे गेली. खुर्ची बाहेरच्या खोलीतच राहिली. मी पिशवी धरून उंबऱ्यात बसून होतो. थोड्या वेळाने पाठमोरीच तिने हात मागे केला, पिशवीसाठी. मी तो हात धरला आणि लगेच सोडला नाही.