दत्ता उठून बाहेर गेला

दत्ता गेल्याची बातमी मला आमच्या मराठी मंडळाच्या चिटणिसाने फोनवर दिली. "अहो, तुमचे ते कौन्सिलर गेले. हार्ट." 'आपले' नाही, 'तुमचे'. मला राग आला, पण कोणत्या तोंडाने रागावणार? गेली सहा वर्षं मी तरी त्याच्याशी कुठे धड बोललो होतो!

इंग्लंडात मिल्टन कीन्सजवळच्या आमच्या गावात दत्ता हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. ऐंशीच्या दशकात तो डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर, म्हणजे इथल्या नगरपालिकेवर, निवडून आला तेव्हा आम्ही मराठी मंडळींनी पेढे वाटले. आपला माणूस आत बसला, आता आपली कामं झालीच म्हणून समजा! दत्ता मात्र कचऱ्याच्या डब्यांपासून बसस्टॉपच्या छपरापर्यंत सगळ्या गावाची गाऱ्हाणी ऐकायचा आणि कौन्सिलचे नियम सोवळ्यासारखे पाळायचा. मी त्यावरून चिडवलं की नुसता हसायचा.

कौन्सिलची एक बंद पडलेली लायब्ररी मंडळाकडे भाड्याने होती. शनिवारची मराठी शाळा तिथे, गणपतीही तिथेच; गणपतीच्या सकाळी दत्ताला आरतीला बोलवायचा फोन दरवर्षी मीच करायचो. मी अध्यक्ष. दत्ताला विश्वस्त मीच केलं होतं, कारण लेटरहेडवर 'कौन्सिलर' शोभून दिसायचं. नव्वदीच्या सुरुवातीला ती इमारत विकायची भाषा सुरू झाली, तसा त्याचा फोन आला.

"विश्वस्तांतून माझं नाव काढ. विषय कमिटीत आला तर इंटरेस्ट डिक्लेअर करून, म्हणजे माझा हितसंबंध आहे असं सांगून, मला बाहेर जावं लागेल. व्होट नाही करता येणार."

"काढतो रे, पुढच्या मीटिंगला."

काढलं नाही. विसरलो म्हणणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर ते नाव मला मिरवायचं होतं...

कमिटीत विषय आला त्या संध्याकाळी आम्ही वीसेक जण प्रेक्षकांच्या बाकांवर बसलो होतो. दत्ता उभा राहिला. "चेअरमन, आय ॲम अ ट्रस्टी. आय मस्ट लीव्ह." कागद गोळा करून तो बाहेर गेला. मतं समसमान पडली आणि चेअरमननी आपलं जादा मत विक्रीच्या पारड्यात टाकलं. काचेच्या दारापलीकडे दत्ता कोट हातात धरून उभा होता.

कार पार्कमध्ये लोक चवताळले होते. "ऐन वेळी शेपूट घातलं!" "खुर्ची सांभाळली स्वतःची!" मी किल्ली हातात धरून गप्प उभा राहिलो. एक वाक्य पुरलं असतं. पुढच्या निवडणुकीत आमच्यातलं कुणी त्याच्यासाठी दारोदार फिरलं नाही, तो पडला. मंडळ या शाळेच्या जिममधून त्या शाळेच्या जिममध्ये हिंडत राहिलं, मराठी शाळा मोडली. मी त्याला टाळू लागलो, कारण तो समोर आला की मला माझंच तोंड दिसायचं. आणि तो? त्याने माझं नाव कुणापाशी काढलं नाही. आता मी हे लिहितोय, ते कुणाच्या काय उपयोगाचं?

परवा दत्ताच्या बायकोला, नलिनीवहिनींना, भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागलो तर म्हणाल्या, "तिथे ते बसायचे, भाऊजी. दर गणपतीला सकाळी आंघोळ करून, कुर्ता घालून, फोनपाशी. जेवायलासुद्धा तिथून उठायचे नाहीत."

"कुणाचा फोन यायचा होता?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुमचा," वहिनी म्हणाल्या.