वाळली की बोलणारी जीप

ब्रेक मारला की ठक्. ब्रेक सोडून गाडी पुढे घेतली की पुन्हा ठक्. आवाज पुढच्या अंगाला, अगदी पायाखाली, जणू कुणी खालून पत्र्यावर मूठ हाणतंय. धान चुरून-मळून घरात आलं होतं, वर्षातले चार निवांत दिवस होते. पण मी भाजी चिरताना, केस विंचरतानासुद्धा उजवा पाय जमिनीवर दाबून ती ठक् आठवत बसायची. शेजारीण म्हणाली, "काय झालं वं, पायाले मुंग्या आल्या का?"

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा एका कंत्राटदाराने आपलं बस्तान तिकडे हलवलं आणि त्याची जुनी जीप आमच्या दारात आली. आमचे हे मोहाडीला कचेरीत. कागदांना ते भीत नसत, गाडीला भीत. म्हणून चालवायला मी शिकले, चाळिशी उलटल्यावर, कापलेल्या धानाच्या बांधीत गोल गोल फिरून. शेत नाल्यापलीकडे. बांधावर जीपचं पोट टेकायचं आणि चाकं हवेत फिरायची. तेव्हा मी तिला उंच करायचं ठरवलं. टायर मोठे, मागे पोती टाकायला डाला, आणि पुढचा आस व कमानपाटे यांच्यामध्ये चार बोटं जाडीचे ठोकळे. वेल्डर म्हणाला, लोखंडाचे टाका. त्या वेळची ती शहाणी बाई, म्हणजे मीच, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "लोखंडाले गंज चढते. आमच्या जुन्या बैलबंडीचं सागवान पडलं हाय, त्याचे करा." सुताराने केले. भर आषाढात, ओल्याचिंब लाकडावर नट आवळले गेले. पावसाळाभर जीप नाल्यातून हत्तीसारखी चालली, आणि मी सगळ्या वस्तीला सांगत फिरले की अक्कल काय फक्त वेल्डरलाच असते का!

दिवाळीनंतर नाला आटला आणि ठक् सुरू झाली.

मोहाडीचा मिस्त्री शांत माणूस. गाडी पावसाळ्यातल्या वाळल्या चिखलाने माखलेली पाहून म्हणाला, "ठेवून जा वैनी. चिखलात बोटाले काय समजते?" संध्याकाळी धुतली, सकाळी पुन्हा धुतली. मी गेले तेव्हा तो जॅक लावून चाक वर-खाली हलवत होता. मग जॅक काढून, मला स्टिअरिंगवर बसवून खाली शिरला.

"वैनी, ब्रेक मारा. सोडा. आता रिवर्स. पुन्हा मारा."

एकेका सांध्यावर तळवा ठेवून तो धक्का कुठे लागतो ते पाहत होता. कुठेच लागेना. ठोकळ्याशी आल्यावर म्हणाला, "हे लाकूड कोणं लावलं?"

"लाकडाचं नाव काढू नका," मी वरून ओरडले. "ते पक्कं हाय."

त्याने पान्याने ठोकून पाहिलं. खरंच पक्कं होतं. मग माझ्याच हट्टापायी त्याने बुश बदलले, शॉकअप बदलले. दोन दिवस गाडी मुकी. तिसऱ्या दिवशी दुपारी ठक्. पुन्हा नेली, त्याने पुन्हा धुतली, पुन्हा मुकी. मी गावभर करून टाकलं की मिस्त्रीने आमचे चांगले पार्ट काढून घेतले. जीभ कसली, कात्रीच होती ती.

यांनी शेवटी एका बुधवारी जेवताना सांगितलं, "रविवारी अड्याळचा माणूस गाडी पाहाले येऊन राहिला. तवरिक आवाज गेला तं ठीक, नाई तं गाडी त्याची. एखाद्या दिवशी चाक निघन अन् तू नाल्यात पडशीन."

म्हणजे मी पुन्हा यांच्या सायकलच्या कॅरिअरवर, पदर चाकात जाऊ नये म्हणून मुठीत धरून.

शनिवारी दुपारी मी अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. समोरून शेजारचे म्हातारबुवा बंडीचं चाक गडगडत बोडीच्या पाण्याकडे नेत होते.

"कायले नेता गा बुवा?"

"वाळलं ना बाई. लाकूड आकसलं का लोखंडाची धाव ढिली होते, मंग खटखट करते. दोन दिस पाण्यात बसू दे, फुगन अन् गप होईन."

हे मी जन्मापासून पाहत आले होते. आमच्या बोडीत चाकं भिजत पडलेली असायची, त्यांच्यावर उड्या मारत आम्ही मोठ्या झालो. आणि तरी! मी विळा घेतला, लुगडं खोचलं आणि जीपखाली सरपटत गेले. ठोकळा आणि पाट्याच्या मध्ये विळ्याचं टोक सरळ आत गेलं. जीपखाली मी किती वेळ पडून होते कोण जाणे. गाडी नाल्यात भिजत होती तोवर गप्प. मिस्त्रीने धुतली की गप्प. बिचारा दर खेपेला माझं लाकूड फुगवून देत होता.

आता वाटेल, मी धावत जाऊन खरं सांगितलं. छे! त्या बाईने बादल्या भरभरून ठोकळ्यांवर ओतल्या आणि वर ओली पोती गुंडाळली. रविवारी पहाटे पोती काढली आणि यांना बाजूला बसवलं. ब्रेक, रिवर्स, ब्रेक. आवाज नाही.

"गेला की वं!" यांचा चेहरा खुलला. "मिस्त्री हुशार निघाला. चाल, नाल्यापलीकडं चक्कर मारून येऊ."

नाल्याच्या उतारावर मी बाजूला पाहिलं. गाडीला भिणारा हा माणूस समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसला होता, आणि तरी हसत होता. उन्हाने लाकूड आकसायला दोन दिवस पुरे होते. मी इंजिन बंद केलं.

"काहून थांबली?"

"ठोकळे वाळले का ढिले होतात. काल मीच पाणी टाकलं. मिस्त्रीची काही चूक नाई."

ते मग खाली उतरले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे तीन हप्ते तू आपल्याच बंडीचा आवाज आयकून राहिली होती."

अड्याळचा माणूस दहाला आला. यांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "विकाची नाई. आमच्या घरच्या मिस्त्रीनं बिमारी शोधली."

सोमवारी मी गाडी मोहाडीला नेली, बैलगाडीच्या चालीने. मिस्त्रीसमोर, आणि चहाच्या टपरीवर बसलेल्या चौघांसमोर, मी सगळं सांगितलं. आधी जितक्या मोठ्याने बदनामी केली होती, तितक्याच मोठ्याने. तो हसला नाही. संध्याकाळपर्यंत लोखंडी ठोकळे बसवले, नव्या बोल्टांनी आवळले. मग दोन्ही लाकडी ठोकळे फडक्याने पुसून माझ्या मांडीवर ठेवले.

"घ्या वैनी. पक्कं हाय."

त्यातल्या एकावर पाय ठेवून मी त्या जीपमध्ये पुढे कितीतरी वर्षं चढत-उतरत होते. उंच केली होती ना.