भरल्या आवाजाची मशीन

गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी बापूंनी मशीन खाली ठेवली नाही. वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतली आणि रेणापूर येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही. मशीन म्हणजे अँप्लिफायर. लाऊडस्पीकरवाल्याच्या त्या डब्याला आमच्याकडं मशीनच म्हणतात, आणि बापू, म्हणजे माझे वडील, आमच्या गावचे लाऊडस्पीकरवाले. भूकंपात आमचं घर गेलं, घरात झोपलेली आई गेली. मशीन राहिली, कारण विसर्जनाचं काम आटोपून बापू आणि मी ती उशाशी घेऊन देवळापुढच्या पटांगणातच आडवे झालो होतो. रेणापूरला आत्या दारात उभी होती. तिनं मला पोटाशी धरलं आणि बापूंना म्हणाली, "दादा, समदं गेलं अन् ही तेवढी आणलीस व्हय?" बापू मशीन ठेवायला कोपरा शोधू लागले.

भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात राहिलेल्या आणि पुण्या-हैदराबादला पांगलेल्या मंडळींनो, बापूंचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे, तुम्हाला मी काय सांगणार? पण आपल्या पोरांना ठाऊक नाही, म्हणून लिहितो. लग्नात अक्षता पडल्या की आहेर पुकारायचं काम बापूंचं. "नवरदेवाचे मामा, माणिकराव ज्ञानोबा, यांच्याकडून टोपी-टॉवेल!" ज्याचं नाव पुकारलं जाई तो माणूस आपोआप ताठ उभा राही. कुणी भारी शालू आणो की साधा पंचा आणो, बापू नाव त्याच दमात घ्यायचे. वडिलांचं नाव, नातं, काहीही गाळायचे नाहीत. तो आवाज गावाच्या टोकापर्यंत जायचा आणि भरून माघारी यायचा. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यासुद्धा बाजेवर पडल्या पडल्या कुणी काय आहेर केला ते सांगू शकायच्या.

भूकंपाच्या सकाळी त्याच मशीनला बॅटरी जोडून बापूंनी गावातली नावं पुकारली. ज्याला ऐकू येईल त्यानं देवळापुढं यावं, म्हणून. काही जण आले. आईचं नाव बापूंनी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं, जुन्या माणसांत तशी रीतच नव्हती. त्या सकाळी माइकवर घेतलं. पुन्हा पुन्हा घेतलं. मी त्यांच्या शेजारी वायर धरून उभा होतो. त्यानंतर बापूंनी हातात माइक धरला नाही.

आत्यानं मला लातूरला शिकायला धाडलं. लातूरला तेव्हा शिकवण्यांचं नुकतंच पीक आलं होतं: गल्लीगल्लीत क्लास, खोलीखोलीत पोरं, डाळ मिलच्या धुरळ्यात वाळत घातलेले टॉवेल. मला त्या गर्दीत बरं वाटायचं, कारण तिथं प्रत्येक जण कुठून ना कुठून आलेलाच होता. पुढं शिकवायला लागलो आणि नांदेडला आलो. आता चौकातल्या फ्लेक्सवर हाताची घडी घालून मी उभा असतो, "फिजिक्सचे सर" म्हणून. बॅच, टेस्ट सिरीज, डाउट सेशन यांत दिवस जातो. ध्वनीचा धडा मी फार छान शिकवतो असं पोरं म्हणतात. बापू मात्र नव्या गावात मिळालेल्या घरातच राहिले. नांदेडला येतात, दोन दिवस गोदावरीचं पाणी बघतात आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरतात.

माझ्या मुलीचं, मीराचं लग्न ठरलं तेव्हा तिनं आजोबांपाशी हट्ट धरला की आहेर तुम्हीच पुकारायचा. मी तिला डोळ्यांनी गप्प करत होतो, पण बापूंनी नाही म्हटलं नाही. म्हणाले, "जुन्या मशीनीवानी भरलेला आवाज पायजे बग. तशी मशीन आण, मी बोलतो." जुनी मशीन व्हॉल्वची, म्हणजे आत काचेच्या नळ्या पेटणारी होती, ती केव्हाच गंजून गेली होती. पण इतक्या वर्षांनी माणूस बोलायला तयार झाला होता आणि मधे अडत होता तो फक्त एक डबा. डबा तर बाजारात मिळतो, असं मला वाटलं.

नांदेडच्या बाजारात मी त्या डब्यासाठी जेवढा हिंडलो तेवढा मीराच्या दागिन्यांसाठी हिंडलो नाही. व्हॉल्वची मशीन आता कुणी ठेवत नाही, सगळा माल ट्रान्झिस्टरचा. एका दुकानदारानं समजावलं, "साहेब, वॉटचा आकडा बघू नका, तो कुणी बी छापतो. उचलून बघा. ट्रान्सफॉर्मर वजनदार, मागचे पत्ते रुंद, तर समजा माल असली हाय." पत्ते म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. काही दुकानदार नुसतं बासचं, म्हणजे खर्जाचं, बटण पिळून भरल्याचा भास करून द्यायचे. गाणं घुमायचं, पण माणूस बोलला की तोंडात घास असल्यासारखा वाटायचा. मी प्रत्येक ठिकाणी आवाज बारीक करून बोलून बघितलं. बारीक आवाजातही ज्या मशीनमध्ये माणसाची छाती ऐकू येत होती, ती घेतली. उचलताना कंबर धरली, तरी मनातून खूश होतो.

गाडीत घालून ती नव्या गावी नेली. बापूंनी मशीन पुसली, बटणं फिरवून बघितली, ओट्यावर खुर्ची टाकली. त्यांनी माइक हातात घेतला आणि मी वायर ठीकठाक करायच्या निमित्तानं खाली बघितलं. "माणिकराव ज्ञानोबा," बापू म्हणाले, "यांच्याकडून टोपी-टॉवेल." आवाज खणखणीत निघाला. स्वच्छ, जाड, कुठं फाटला नाही. बापू मान कलती करून थांबले. थांबूनच राहिले. मग माइक मांडीवर ठेवून म्हणाले, "मशीन चांगली हाय रं. पर आवाज माघारी येईना."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ध्वनीचा धडा वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या माझ्या! जुन्या गावातला आवाज मशीनचा नव्हताच. दगडमातीच्या त्या रुंद भिंती, अंगाला अंग लावून उभी माळवदाची, सपाट मातीच्या छताची घरं, हातभर गल्ल्या: बापूंचा आवाज त्या भिंतींवर आपटून, भरून परत यायचा. आणि त्याच भिंतींनी तर आईला घेतलं, निम्म्या गावाला घेतलं. नव्या गावात घरं सुटी सुटी, हलकी, रस्ते रुंद. माणसं वाचावीत म्हणूनच तसं बांधलंय, आणि बरोबरच बांधलंय. पण आवाज जातो तो शिवारात निघून जातो. जगातल्या कुठल्या दुकानात जाऊन मी काय मागणार होतो? बापूंना हे सांगायची गरज पडली नाही. मला वाटतं, त्यांनाही ते तेव्हाच कळलं होतं. त्यांनी मशीनवर टॉवेल टाकला आणि म्हणाले, "पोरीला म्हणावं, मला न्हाई जमायचं."

लग्न लातूरच्या मंगल कार्यालयात झालं. मशीन तरी मी नेलीच, वेडी आशा. व्यासपीठाच्या कडेला ती चालू करून ठेवली, लाल दिवा लागला. निवेदनाला भाड्याचा माणूस होता, तो शेरोशायरी करत होता. आहेर आणू नये असं पत्रिकेत छापलेलं, त्यामुळं पुकारायला तसं काही नव्हतंच. बापू पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. मीरा बोहल्यावरून सारखी त्यांच्याकडं बघत होती आणि मी दोघांच्या मधे नुसता उभा होतो.

जेवणाची पंगत उठत असताना माणिकतात्या, म्हणजे तेच माणिकराव ज्ञानोबा, आले. नव्या गावात बापूंच्या शेजारच्या रांगेत राहतात, आता काठीवर चालतात. पत्रिकेतलं त्यांनी वाचलं नसावं किंवा वाचून मनावर घेतलं नसावं. टोपी-टॉवेल त्यांनी बापूंच्या हातात दिला आणि जुन्या सवयीनं ताठ उभे राहिले. आपलं नाव पुकारलं जाईपर्यंत जागचं हलायचं नसतं. बापूंनी माइककडं बघितलं, मग माझ्याकडं. मला काहीही करता येत नव्हतं.

बापू उठले. तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तोंड तात्यांच्या कानापाशी नेलं आणि सगळं म्हटलं. नाव, वडिलांचं नाव, नातं, आणि शेवटी आमच्या जुन्या गावाचं नाव. मी अगदी शेजारी होतो म्हणून ऐकलं. तात्यांनी डोळे मिटून मान हलवली, काठी सावरली आणि हात धुवायला गेले.

मशीन आता नांदेडला माझ्या क्लासमध्ये आहे. चांगली चालते, मागच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू येतं. पोरं विचारतात, सर, तुमचं गाव कोणतं? मी लातूर सांगून मोकळा होतो. खरं सांगायचं तर गाव आता एवढंच उरलंय: बापूंच्या तोंडापासून माणिकतात्यांच्या कानापर्यंत. आणि दोघंही थकलेत.