बाबांची दुपारची झोप

बाबांना लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली, तेव्हा मी रजा टाकून अमरावतीहून बार्शीटाकळीला घरी आले. हातपाय सुधारत होते, शब्द मात्र सापडत नव्हते. बोलण्यात कुणाला हार न जाणारा माझा बाप हातातल्या पेल्याकडे नुसता बघत राहायचा. जीव तुटायचा माझा.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणं म्हणजे त्याची परीक्षाच घेणं. येईल तो पलंगावर वाकणार, झोपलेल्याला हलवणार आणि विचारणार, "भाऊ, मले ओयखलं का?" बाबा घाबरे व्हायचे. ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. की झालं पाहुण्यांचं चुकचुकणं सुरू! अरे, आजारी माणूस आहे की शाळेतलं पोर?

अकोल्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, सकाळी घोकून घेतलेले शब्द मेंदू झोपेत जागच्या जागी लावतो, झोप मोडू नका. मला लगेच पटलं. माणसांची वर्दळ असताना घर तरी कुठं आवरता येतं? मग काय, जेवण झालं की बाबांच्या खोलीचं दार बंद, आणि दारात खुर्ची टाकून मी. येईल त्याला चहा पाजून ओसरीवरूनच वाटेला लावलं. गावभर बोभाटा झाला, पोरगी बापाले भेटू देत नाई म्हणून. होऊ दे! सकाळी रडकुंडीला येऊन घोकलेला 'पेला' दुपारी उठल्याबरोबर बाबांच्या तोंडून आपसूक यायला लागला होता. एकेकच शब्द, पण येत होता.

अशात तेल्हाऱ्याहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण. आल्या आल्या तिनं तोंड सोडलं. "दिवसा झोपवून राहिली त्याले? हाय ते बी इसरन तो! सरक बाजूले."

"आत्या, पाया पडते तुझ्या, पण आत सोडणार नाही."

"माहा भाऊ हाय तो!" भाऊ हातचा जातो की काय, याचीच भीती होती तिला. मलाही दुसरी कसली होती? पण मी हटले नाही. ती फुगून ओसरीवर बसली, चहालाही शिवली नाही.

बऱ्याच वेळानं आतून काठी वाजली. बाबा भिंत धरत दारात आले. आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपाळावर आठी चढली.

"बहीन... बहीन हाय माही," ते म्हणाले. "भाएर काहून बसवलं तिले?"