मुठीचे तांदूळ

माझ्या दूरच्या लेकरांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, या साथीमुळे चर्चला कुलूप, रस्ते ओस पडलेले, तुला भीती वाटत नाही का?" वाटते, असं मी म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की उत्तर अर्धंच दिलं. उरलेलं अर्धं लिहून पाठवते आहे, कारण ते सांगू शकेल असं माझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही.

तुमचा बाबा तेव्हा अकरा महिन्यांचा होता. आरमोरीपासून पाच कोसांवर, वैनगंगेच्या काठी एका खेड्यात आम्ही राहत होतो. गडचिरोली जिल्हा अजून झाला नव्हता, सारा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा. तुमचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि मी नागपूरला इंग्रजी शिकून आलेली, सगळं घड्याळाप्रमाणे आणि पुस्तकाप्रमाणे करणारी. गावात ख्रिस्ती घरं सात. चूल पेटवली की रांधायच्या तांदळातली एक मूठ देवासाठी बाजूला काढायची, अशी तिथली रीत होती. रविवारी बाया आपापल्या मुठी आमच्याकडे आणून मोठ्या मडक्यात ओतत, आणि हंगामाच्या सणाला ते मडकं वेदीपुढे जाई. मडकं माझ्या स्वयंपाकघरात होतं, पण त्यात माझी मूठ नव्हती. आदल्या वर्षी माझी थोरली मुलगी, तुमची आत्या, तापाने गेली होती. तेव्हापासून मी उपासनेला बसे, प्रार्थनाही म्हणे, पण देवासाठी काही काढून ठेवावं असं मनातून वाटत नसे. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या आजोबांनाही नाही.

भादव्यात पूर आला आणि पुरामागून पटकी, म्हणजे कॉलरा. आजोबा औषध आणायला आरमोरीला गेले आणि पलीकडच्या काठावरच अडकले. नदी ओलांडायचा डोंगा बंद झाला. दुकानात पाणी शिरलं, आमच्या घरातले तांदूळ संपले. रोज कुठल्या ना कुठल्या अंगणातून रडणं ऐकू येई. लोक एकमेकांच्या दारात जायचे थांबले. आमची रविवारची उपासनाही थांबली. आणि एका सकाळी तुमच्या बाबाला जुलाब सुरू झाले.

माझ्याजवळ घरगुती औषधोपचाराचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. पटकीत पोटाला विश्रांती द्यावी, तोंडाने काही देऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. मी तसंच केलं. लेकरू पाण्याच्या लोट्याकडे बघायचं आणि मी लोटा दूर सरकवायची. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. तो रडत होता, पण डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. मग रडणंही थांबलं.

शाळेच्या ओसरीवर एक म्हातारी गोंड बाई पुरामुळे अडकून पडली होती. पत्रावळी विकायला आलेली. आवाज बंद झाला म्हणून ती दाराशी आली.

"लेकराले पाणी काऊन नाई देत, बाई?"

पुस्तकात मनाई आहे, असं मी सांगितलं. तिने पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुस्तकाले तहान नाई लागत. तांदूळ हायेत का घरी?"

"नाहीत."

"मंग त्या मडक्यात काय हाय?"

"ते देवाचे आहेत."

"देव काय आज जेवाले येऊन राह्यला?" ती म्हणाली आणि माझ्या पोराजवळ बसली. "याले दे. त्याले चालते."

मी मडक्याचं झाकण काढलं. ज्यात मी एक दाणाही टाकला नव्हता, त्यातूनच मी माझ्या लेकरासाठी मूठ भरली. तिने पाणी खळखळून उकळलं, पातळ पेज केली, मीठ घातलं, स्वतः चाखली. गाठोड्यातून नदीचा एक शिंपला काढून तोही उकळत्या पाण्यात टाकला, आणि त्याने थेंब थेंब पेज पाजू लागली. लेकराने ओकलं की ती थांबायची, आणि पुन्हा पाजायची. मी पुस्तक मिटलं आणि गुडघ्यांवर बसले. एकही ठरलेली प्रार्थना आठवेना. "प्रभू, मला काही कळत नाही," एवढंच म्हणाले. ती माझी वर्षभरातली पहिली खरी प्रार्थना होती.

उन्हं कलायच्या सुमारास तो रडला, आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळलं. मी बोटाने टिपून पाहिलं. त्या एका थेंबापुढे मी किती वेळ नुसती बसून राहिले, ते आजही सांगता येणार नाही.

म्हातारी म्हणाली, "आता बाकीच्याईच्या लेकराईचं पाह्य."

शाळेच्या ओसरीवर आम्ही चूल मांडली आणि घरोघरच्या आजाऱ्यांसाठी पेज शिजवू लागलो. मडकं आपोआप भरत राहिलं, असं मी म्हणणार नाही. ते चौथ्या दिवशी संपलं. पण पाचव्या दिवशी सकाळी, जी घरं आमच्या देवाला मानत नव्हती, त्यांच्या बाया पदराखाली एकेक मूठ घेऊन ओसरीच्या पायरीशी उभ्या होत्या. मी बोलावलं नव्हतं. सगळे वाचले नाहीत. पुष्कळजण वाचले.

पाणी उतरलं, तुमचे आजोबा परतले, तेव्हा म्हातारी पत्रावळ्यांचा भारा घेऊन निघून गेली. शिंपला चुलीपाशीच राहिला. एवढी टापटिपीची मी, तिचं नाव आणि गाव विचारायचं राहूनच गेलं. त्या वर्षी सणाला आम्ही रिकामं मडकंच वेदीपुढे ठेवलं. इतकं भरलेलं दान मी त्यानंतर पाहिलं नाही.

लेकरांनो, भीती मलाही वाटते. पण माझ्या हातात काय आहे आणि काय नाही, हे ठरवायचं मी त्या दुपारपासून सोडलं.

मडकं केव्हाच फुटलं. त्याच्या जागी आता त्या गावात स्टीलचा डबा आहे, असं कळतं. शिंपला माझ्या पेटीत, रुमालात गुंडाळलेला आहे. आणि आज सकाळी भात टाकताना मी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवले आहेत.