एकाच ठशाचा घोडा

रंगारीचाचांचे हात कोपरापर्यंत निळे होते. मला वाटायचं, ते आतूनही तसेच असणार. एकदा त्यांना काटा लागला तेव्हा निळं रक्त बघायला मी धावत गेले. तांबडं निघालं तर माझाच चेहरा पडला. चाचा म्हणाले, "नाराज नको होऊ बेटा. फुडल्या टायमाला बघू."

शहागडला गोदावरीच्या काठी ते पासोड्या, म्हणजे अंगावर घ्यायच्या जाड चादरी, छापायचे. राज्य निजामाचं, पण घाटावर कुठलं कापड कुठं वाळायचं ते चाचा ठरवायचे. लाकडी ठसा रंगात बुडवायचा, कापडावर टेकवायचा, वरून मुठीचा एक ठोका. कुणी कौतुक करू लागलं की थांबवायचे, "आधी धुऊ द्या, मंग बोला."

माझा एक लाकडी घोडा होता. मी त्याला भाकरी भरवायची, न्हाऊ घालायची. या प्रेमापायी त्याचा आधी कान गेला, मग शेपूट, मग एक पाय. घरचे म्हणत, चुलीत घाला. चाचा मात्र दरवेळी गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "घोड्याची तबियत कशी हाय?"

मला गोवर आला त्या वर्षी त्यांनी एक पुस्तक आणून दिलं. कापडाचं, चार पानांचं, मध्ये टाके घातलेलं. पहिल्या पानावर अख्खा घोडा, दुसऱ्यावर कान नाही, तिसऱ्यावर शेपूटही नाही. शेवटच्या पानावर तीन पायांचा घोडा, आणि भोवती चाचांकडं होती नव्हती तेवढी सगळी फुलं.

"घोड्याची गोष्ट हाय," ते म्हणाले. "तुला वाचता येत न्हाई, मलाबी न्हाई. बराबर जमंल."

दिवाळीला हैदराबादहून आत्याची सुशी आली. तिच्याकडं गुळगुळीत कागदाचं, रंगीबेरंगी चित्रांचं पुस्तक होतं. ओट्यावर पडलेलं माझं पुस्तक तिनं दोन बोटांनी उचललं. "हे काय गं? चिंधी?"

"फडकं आहे," मी म्हणाले. "कंदिलाचं."

आणि खोटं पक्कं करायला कंदील ओढला, पुस्तकाच्या शेवटच्या पानानं काच पुसली. चांगली घासून घासून. आयुष्यात इतकं मन लावून मी दुसरं कुठलं काम केलेलं नाही. मान वर केली तर दारात चाचा, खांद्यावर आमची पासोडी. ती आईच्या हातात देऊन "धुतलेली हाय" एवढंच म्हणाले आणि वळले. घोड्याची तबियत विचारली नाही.

सुशी गेल्यावर मी घाटावर गेले. माफी मागायची असं वाटभर घोकलं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "चाचा, दुसरं छापून द्या ना."

त्यांनी ठसा माझ्या हातात ठेवला. त्याला कान नव्हता, शेपूट नव्हती, पाय तीनच.

"ठसा येकच होता बेटा. पैलं पान छापलं, मंग कान तासला. दुसरं छापलं, मंग शेपूट. आता ह्याच्यातून अख्खा घोडा कुठून आणू?"

मी रडायला लागले. "रागावलात?"

"रडून न्हाई, धुऊन बघ," ते म्हणाले आणि कामाला लागले.

मी धुतलं. रिठ्यानं, राखेनं, पुढं साबणानं. चाचांचा निळा रंग तसूभर हलला नाही. माझी काजळीही हलली नाही. माफीचं मी उद्यावर ढकलत राहिले. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीत चाचा घरदार सोडून गेले. कुठं, ते कुणालाच कळलं नाही.

आता भाचीची पोरं आली की मी हेच पुस्तक काढते. शेवटच्या पानावरच्या डागाला मी पावसाचा ढग म्हणते. पोरं ऐकून घेतात. परवा मात्र धाकटी अडून बसली.

"मावशीआजी, हा ढग नाही. हे काळं कुणी केलं?"

"एका मुलीनं."

"वाईट होती?"

"भित्री होती."

"मग तिनं माफी मागितली?"

मी घाईघाईनं पान उलटायला गेले. पण ते शेवटचंच पान होतं.