वॉशिंग मशीनचा फोन

आखातातल्या आमच्या मराठी मंडळात दोन पॅनेलं होती. मंडळाच्या निवडणुकीआधी आमच्या पॅनेलमध्ये अध्यक्षपदाचा उमेदवार आपसात मतं घेऊन ठरे. मंदीच्या त्या वर्षी उमेदवार दोन होते: मी आणि माझा रत्नागिरीकडचा मित्र, अल क्वोजमधल्या एका गोदामाचा मॅनेजर. माझा मुद्दा मुलांच्या मराठी वर्गाचा. त्याचा, नोकरी गेलेल्यांना मंडळाने आधार देण्याचा. त्याचा मुद्दा जास्त वजनाचा होता आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

मी त्याच्याबद्दल वाईट काहीच बोललो नाही. नुसती काळजी केली. ऑफिसला जाताना माझ्या गाडीत पॅनेलचीच माणसं असत. त्यांना म्हटलं, "माणूस सोन्यासारखा आहे हो. फक्त व्हिसा टिकतोय ना, तेवढं बघा. बिचारा."

त्या दिवसांत एवढं पुरे होतं. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि थोड्याच दिवसांत घर गुंडाळून मुंबईचं विमान. जाणाऱ्याला अध्यक्ष कोण करणार?

त्याच आठवड्यात त्याच्या बायकोला फोन आला. "भाभी, तुमचं वॉशिंग मशीन द्यायचंय ना? आम्हाला आधी सांगा हं." इथली रीतच आहे ती. कुणी जायचं म्हटलं की त्याचं सामान ओळखीतच खपतं, आणि आधी विचारेल त्याला मिळतं. त्याची नोकरी शाबूत होती. पण बायकोला वाटलं, नवरा लपवतोय. मुलीने विचारलं, "अब्बा, आर वी लीव्हिंग?"

हे सगळं त्याने मलाच येऊन सांगितलं. "कोण बोललं असेल रे?"

"लोकांचं काय, बोलतात. मनावर घेऊ नकोस," मी म्हणालो आणि त्याला चहा पाजला.

पॅनेलने मला उभं केलं आणि मंडळाची निवडणूकही मी जिंकलो. सिलिकॉन ओएसिसच्या वस्तीत मराठी वर्ग सुरू झाला, चांगला चालला. त्याचा मुद्दा मात्र कुणी उचलला नाही. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, ते कुणालाही न सांगता निघून गेले. मंडळाकडे येतील कशाला? आले असते तर संध्याकाळी मशीनचा फोन.

काही वर्षांनी पॅनेलची निवड पुन्हा आली. या वेळी एक शिक्षिका बाई आणि एक तरुण इंजिनियर उभे होते. सभा चालवायचं काम माझ्याकडे. खोर फक्कानच्या किनाऱ्यावर सहल काढली होती, जेवणानंतर मतं घ्यायची होती. ताटं उचलताना एकाने मला बाजूला घेतलं. "हबीबी, बाईंच्या मिस्टरांची नोकरी खलास झालीय म्हणे. मला त्यांची काळजी वाटते."

माझंच वाक्य होतं ते.

मी सगळ्यांना चटईवर बसवलं. म्हटलं, "आज उमेदवाराच्या नोकरीवर, व्हिसावर, घरच्यांवर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. वर्गाचं काय करणार आणि अडचणीतल्यांचं काय करणार, एवढंच विचारा."

"एवढं कडक कशाला? आपलीच तर माणसं," कुणीतरी हसलं.

मित्र समोरच कलिंगड कापत बसला होता. मी त्याच्याकडे बघूनच सांगितलं. गाडीतलं ते वाक्य कुणाचं होतं, चहा पाजणारा कोण होता, सगळं. त्याची सुरी थांबली. तो म्हणाला, "मशीन अजून चालतंय. विकलं नाही बायकोने." मग बाईंकडे वळून, "तुम्ही बोला, ताई. नोकरी गेलेल्यांचं काय करणार, ते आधी सांगा."

बाई बोलल्या. इंजिनियरही बोलला. वाद जोरात झाला, पण मुद्द्यावरच. बाई थोडक्यात हरल्या आणि त्यांनी मांडलेली मदतीची योजना त्या पोराने तिथेच आपली म्हणून मान्य केली.

सहलीला जाताना मित्र माझ्या गाडीत होता. परतताना तो दुसऱ्यांच्या गाडीत बसला. मी थांबवलं नाही.

पॅनेलची निवड आजही मीच चालवतो. पहिली अट तीच सांगतो, आणि कुणी कशाला म्हणून विचारलं की सगळं पहिल्यापासून सांगतो.